पाय लटपटतात? लटपटू द्या!



"सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजन वर्ग आणि इथं जमलेल्या माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो..."

काय, ओळखीचं वाटतंय ना? झोपेतून उठवलं तरी तुम्ही हे वाक्य धडाधडा म्हणून दाखवाल. खरी गंमत सुरू होते ती यानंतर. समोर सगळी शाळा बसलेली. पहिल्या रांगेत गुरुजी आणि बाई. आणि आपल्या डोक्यात? काहीच नाही. पुसलेल्या फळ्यासारखं सगळं कोरं!

ही गंमत माझीही झालेली आहे. मी पाचवीत होते. १ ऑगस्ट, लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी. भाषण आठ दिवस घोकलं होतं. दोन वेण्या, नव्या रिबिनी, सगळा थाट. सुरुवात झकास झाली. शेंगांच्या टरफलांच्या गोष्टीपाशी आले आणि माझी गाडी थांबली ती थांबलीच. पुढचं वाक्य आठवेना. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "टरफलं उचल गं!" सगळी शाळा खो खो हसली. मी रडत खाली उतरले आणि वर्षभर माझं नाव 'टरफल' पडलं.

त्या दिवशी मी ठरवलं, पुन्हा म्हणून उभं राहायचं नाही. आणि झालं काय, तर मी मास्तरीण झाले! म्हणजे रोजच उभं राहून बोलायचं काम. डी.एड.ला असताना पहिल्या सराव पाठाच्या वेळी माझ्या हातातून खडू तीनदा पडला होता. म्हणून सांगते, पोरांनो, या विषयावर बोलायचा मला चांगला अधिकार आहे.

आज हा विषय निघाला तो माझ्या वर्गातल्या एका मुलीमुळं. आमची शाळा सिंदी मेघेला, वर्धा शहराला अगदी लागून. ही मुलगी चौथीत. तिचं नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. गेल्या १५ ऑगस्टला तिचं भाषण होतं. वडिलांनी कुणाकडून तरी दोन पानं लिहून आणली होती. त्यात 'पारतंत्र्याच्या शृंखला' होत्या आणि 'देदीप्यमान इतिहास' होता. मुलगी बिचारी शृंखलांपर्यंत पोचली आणि थांबली. माईकसमोर नुसती उभी. मोठी माणसंसुद्धा हसली. त्यानंतर परिपाठाची वेळ झाली की रोज तिच्या पोटात दुखायला लागलं.

एकदा मी तिला जवळ घेऊन विचारलं, "काय होतं गं?"

"मॅडम, मले नाही जमत जी. सारे हासतात."

मी म्हटलं, "बरं. उद्या तुला एका माणसाची गोष्ट सांगते. तो तुझ्यापेक्षाही भित्रा होता. आणि तो आपल्या वर्ध्याजवळच राहायचा."

ती गोष्ट आज तुम्हालाही सांगते.

वर्धा शहर ओलांडून सेवाग्रामच्या रस्त्याला लागलं, की आठेक किलोमीटरवर आश्रम येतो. १९३६ मध्ये महात्मा गांधी तिथं राहायला आले. त्या गावाचं नाव तेव्हा शेगाव होतं, पुढं १९४० मध्ये ते सेवाग्राम झालं. आश्रमात मोकळ्या आभाळाखाली प्रार्थनेची जागा आहे. तिथं गांधीजी संध्याकाळी बसत, प्रार्थना होई, ते बोलत आणि लोक ऐकत. गांधीजींना बोलायची भीती वाटत असेल, असं ती जागा पाहून कुणालाही वाटणार नाही.

पण शाळेतले मोहनदास गांधी कसे होते ठाऊक आहे? शाळा सुटली रे सुटली की घराकडं धूम पळायचे. का? तर वाटेत कुणी आपल्याशी बोललं तर? कुणी चेष्टा केली तर? १८८८ मध्ये ते शिकायला इंग्लंडला निघाले. राजकोटच्या त्यांच्या शाळेनं निरोप दिला. आभाराचे चार शब्द ते लिहून घेऊन गेले होते. तेही धड बोलता आले नाहीत. डोकं गरगरलं, अंग थरथरलं.

लंडनमध्ये ते शाकाहारी लोकांच्या मंडळात गेले, तिथल्या कार्यकारिणीवरही निवडून आले. बैठकीला नेमानं जायचे आणि तोंड मिटून बसायचे! एकदा तिथं एका सभासदाला त्याच्या मतांपायी मंडळातून काढून टाकायचं ठरत होतं. गांधींना ते पटलं नाही. हा अन्याय आहे असं त्यांना वाटलं. त्यांनी आपलं म्हणणं कागदावर लिहून काढलं. पण वाचायचा धीर होईना. शेवटी तो कागद दुसऱ्यानं वाचला. हार झाली ती झालीच. १८९१ मध्ये मायदेशी परतताना त्यांनी मित्रांना निरोपाची मेजवानी दिली. त्यासाठीही भाषण ठरवून ठेवलं होतं. उभे राहिले, एका वाक्यात आभार मानले आणि बसले. बाकीचं भाषण पोटातच राहिलं.

बॅरिस्टर होऊन आल्यावर तरी भीती जाईल की नाही? छे! मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात त्यांना पहिलाच खटला मिळाला. फी तीस रुपये. साक्षीदाराला प्रश्न विचारायला ते उभे राहिले आणि सगळं कोर्ट त्यांच्याभोवती फिरायला लागलं. एकही प्रश्न सुचेना. खाली बसले. "हे काम माझ्याच्यानं होणार नाही," असं सांगून त्यांनी फी परत केली. तो खटला मग दुसऱ्या वकिलानं एक्कावन्न रुपये घेऊन चालवला. गांधी तिथून तडक निघून गेले. आपला अशील जिंकला की हरला, हे पाहायलाही थांबले नाहीत.

इथपर्यंत गोष्ट आली तेव्हा आमच्या मुलीनं हात वर केला. "मॅडम, त्याईले कोणी हासलं नाही का जी?"

"हसले असतीलच. न्यायाधीशांना हसू आलं असेल, वकिलांची करमणूक झाली असेल, असं त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय."

"मंग त्याईनं काय केलं?"

हाच तर खरा प्रश्न! मग त्यांनी काय केलं?

१८९३ मध्ये ते कामानिमित्त दक्षिण आफ्रिकेला गेले. तिथं पहिल्या वर्गाचं तिकीट खिशात असताना, केवळ गोरे नाहीत म्हणून त्यांना रेल्वेच्या डब्यातून खाली उतरवण्यात आलं. थंडीनं कुडकुडत त्यांनी रात्र स्टेशनावर काढली. पुढं ते प्रिटोरिया शहरात पोचले. तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांना त्यांनी एकत्र बोलावलं. धंद्यात खरेपणानं वागा, स्वच्छ राहा, आपापसातले भेद विसरून एक व्हा, असं ते त्यांना सांगत राहिले. आणि काय आश्चर्य! या वेळी शब्द अडले नाहीत. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांना मी शिकवतो, असंही त्यांनी सांगितलं. एक न्हावी, एक कारकून आणि एक छोटा दुकानदार असे तिघं त्यांचे विद्यार्थीही झाले. हे आपलं पहिलं जाहीर भाषण म्हणता येईल, असं त्यांनी पुढं लिहिलं.

माणूस तोच, जीभही तीच. मग फरक कशात पडला? कोर्टात उभं राहताना मनात काय असेल? 'माझं कसं होईल? मी चुकलो तर? लोक मला काय म्हणतील?' सगळं 'मी, मला, माझं'! प्रिटोरियात मात्र 'या माणसांना हे सांगितलंच पाहिजे' असं काहीतरी त्यांच्याजवळ होतं. लक्ष स्वतःवरून उठलं आणि समोरच्या माणसांवर गेलं. मला तर हीच खरी किल्ली वाटते.

पण थांबा. 'आणि त्या दिवसापासून त्यांची भीती पळाली' असं मी सांगणार नाही, कारण तसं झालंच नाही! २६ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईत फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांची सभा होती. हॉल माणसांनी गच्च भरलेला. सर फिरोजशहा मेहता यांनी भाषण आधीच लिहून छापून घ्यायला लावलं होतं. गांधी वाचायला उभे राहिले आणि आवाज फुटेना. फिरोजशहा "मोठ्यानं, मोठ्यानं" म्हणत होते आणि यांचा आवाज आणखीच खाली खाली जात होता. केशवराव देशपांडे मदतीला धावले, त्यांनी कागद हातात घेतला. पण लोक ओरडले, "वाच्छा! वाच्छा!" तेव्हा दिनशा वाच्छा उभे राहिले, त्यांनी भाषण वाचलं आणि सभा चिडीचूप झाली. मग टाळ्याच टाळ्या. गांधींना वाईट वाटलं असेल? उलट त्यांना आनंद झाला. दक्षिण आफ्रिकेतल्या आपल्या माणसांचं दुःख मुंबईला कळलं होतं ना!

आणखी पाच वर्षांनी, १९०१ मध्ये, कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात त्यांना ठराव मांडायचा होता. वेळ पाच मिनिटं. पुन्हा डोकं गरगरलं, पण ते बोलले. बोलता बोलता घंटा वाजली आणि ते पटकन बसले. मागाहून कळलं, की ती घंटा बसण्यासाठी नव्हतीच, 'दोन मिनिटं राहिली' असं सांगण्यासाठी होती! वक्तृत्व स्पर्धेत तुमच्यापैकी किती जण असे घंटेला घाबरून बसले असतील बरं? आणि ती घंटा वाजवणारे अध्यक्ष कोण? तेच मुंबईचे दिनशा वाच्छा!

पुढं १९४२ च्या जुलै महिन्यात इथं वर्ध्यातच काँग्रेसच्या कार्यकारिणीनं इंग्रजांनी भारत सोडावा असा ठराव केला. नंतर ८ ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर गांधीजी उभे राहिले, आधी हिंदीत आणि मग इंग्रजीत बोलले, आणि सारा देश उठला. त्याच मुंबईतल्या कोर्टात ते एकही प्रश्न न विचारता खाली बसले होते, याला तेव्हा पन्नास वर्षं झाली होती.

आपल्या लाजाळूपणाबद्दल गांधीजींची तक्रार नव्हती. बोलायला कचरत असल्यामुळं ते शब्द मोजून वापरायला शिकले, म्हणून त्यांनी लाजाळूपणाला आपली ढाल म्हटलं आहे. तेव्हा वर्गात जो कमी बोलतो त्याला 'मुखदुर्बळ' म्हणून चिडवू नका. तो कदाचित मोजत असेल!

आता जरा आपल्या अंगात डोकावू. भीती वाटली की छाती का धडधडते? आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक लहानशी ग्रंथी असते. संकट दिसलं की ती रक्तात अ‍ॅड्रिनलिन नावाचं द्रव्य सोडते. मग हृदय जोरात पळतं, रक्त मोठ्या स्नायूंकडं धावतं, म्हणून बोटं गार पडतात. लाळ कमी होते, तोंडाला कोरड पडते. पचनाचं काम तेवढ्यापुरतं मंदावतं, म्हणून पोटात गोळा येतो. ही सगळी तयारी पळायची नाही तर लढायची! समोर साप असता तर या तयारीचा केवढा उपयोग झाला असता. पण समोर असतात आपलेच गुरुजी आणि मित्र. शरीराला बिचाऱ्याला ते कळत नाही. म्हणून पाय लटपटले तर 'मी भित्रा' असं म्हणू नका. 'माझं शरीर कामाला लागलंय,' असं म्हणा.

मग करायचं काय? आमच्या वर्गात आम्ही करतो ते सांगते.

एक. भाषण दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं नाही. जे आपण पाहिलं, वाचलं, आपल्याला खरंच सांगावंसं वाटलं तेच बोलायचं, आणि आपल्या शब्दांत.

दोन. सगळं भाषण घोकायचं नाही. घोकंपट्टी म्हणजे मण्यांची माळ, एक मणी निसटला की सगळे घरंगळतात. पहिलं आणि शेवटचं वाक्य मात्र पक्कं पाठ करायचं. मधल्या मुद्द्यांचे तीन-चार शब्द चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहायचे आणि चिठ्ठी हातात ठेवायची. त्यात लाज कसली?

तीन. सराव उभं राहून, मोठ्यानं करायचा. अंथरुणात पडून मनातल्या मनात केलेला सराव हा सराव नव्हे.

चार. पायऱ्या-पायऱ्यांनी चढायचं. आधी शेजारच्या मैत्रिणीला सांगायचं, मग आपल्या रांगेला, मग जागेवर उभं राहून वर्गाला, मग फळ्यापाशी येऊन. माईक सगळ्यात शेवटी.

पाच. नाव पुकारलं की आधी श्वास हळूहळू सोडायचा, मेणबत्ती न विझवता फुंकर घालावी तसा. दोन-तीनदा. छातीची धडधड थोडी निवते. मग ओळखीचा, प्रेमळ चेहरा शोधायचा आणि त्याच्याशीच बोलायला सुरुवात करायची.

सहा. आणि आठवलंच नाही तर? गप्प उभं राहायचं. चिठ्ठी पाहायची. मघाचंच वाक्य पुन्हा म्हणायचं. आपल्याला ते युगासारखं वाटतं, ऐकणाऱ्यांना ते चार क्षण असतात. खाली मात्र बसायचं नाही.

आमच्या मुलीच्या बाबतीत पहिली पायरी अचानकच सापडली. एक दिवस ती शाळेत आली तीच पळत. "मॅडम, रात्री आमची बकरी व्याली! दोन पिल्लं!" आणि मग ती सांगतच सुटली. पाऊस कसा पडत होता, दिवे कसे गेले, आजीनं कंदील कसा धरला, दुसरं पिल्लू आधी हललंच नाही, मग आजीनं त्याला पोत्यानं कसं चोळलं. पाच मिनिटं झाली असतील. तोवर तिच्याभोवती आठ-दहा मुलं गोळा झाली होती. मी हळूच म्हटलं, "बघ, तू आत्ता भाषण केलंस." ती चपापली, मागं वळून पाहिलं आणि लाजून पळाली!

दुसऱ्या दिवशी तिनं तेच जागेवर उभं राहून सांगितलं. आठवड्यानं फळ्यापाशी येऊन सांगितलं. आणि २ ऑक्टोबरला सगळ्या शाळेसमोर तिनं गांधीजींच्या त्या मुंबईच्या कोर्टाची गोष्ट सांगितली, स्वतःच्या बोलीत. मधेच ती थांबली. मी मनात आकडे मोजत होते. अकरापर्यंत मोजले. तिनं मुठीतली चिठ्ठी उघडली, पाहिली आणि पुढं बोलायला लागली.

दुपारी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मॅडम, अजून बी पाय हालत होते."

"दिसलं मला."

"पण मी खाली नाही बसली!"

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. मुलांनो, हा भाग तुम्हीच त्यांना वाचून दाखवा. मोठ्यानं आणि उभं राहून!

आई-बाबा, आमच्यासाठी जड जड शब्दांचं भाषण लिहून आणू नका. आम्हाला विचारा, "तुला काय सांगायचंय?" पाहुणे आले की "चल, कविता म्हणून दाखव" असा आग्रह धरू नका. आम्ही अडखळलो तर सगळ्यांदेखत हसू नका आणि "शेजारचा बघ कसा बोलतो" असंही म्हणू नका. रात्री जेवताना टीव्ही आणि मोबाइल दहा मिनिटं बंद ठेवा आणि दिवसभरात आम्ही काय पाहिलं ते शेवटपर्यंत ऐका. मधेच चूक काढू नका. घरात ज्याचं ऐकून घेतात, त्याला बाहेर बोलायला धीर येतो.

आणि मुलांनो, तुम्हाला या आठवड्याचा गृहपाठ. तुम्ही स्वतः पाहिलेली एक गोष्ट निवडा. बकरी असो, बाजार असो नाहीतर बंद पडलेली एस.टी. असो. ती आधी एकाला सांगा, मग चौघांना, मग वर्गाला. आणि वर्गात दुसरं कुणी अडखळलं तर हसायचं नाही, हा गृहपाठाचा दुसरा भाग. तो पहिल्यापेक्षा महत्त्वाचा. पाचवीत मला कुणी फक्त "हं, पुढं?" असं म्हटलं असतं, तर टरफलं ओलांडून मी पुढं गेले असते.

एवढा खटाटोप कशासाठी? बक्षिसासाठी नव्हे. लंडनच्या त्या बैठकीत गांधींना अन्याय दिसत होता, पण ते बोलू शकले नाहीत. आपल्यालाही कधीतरी काहीतरी दिसतं. तेव्हा ते आपल्यालाच बोलावं लागतं.

आमच्या मुलीचंच पाहा ना. दिवाळीच्या आधी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक होती. "मुलांना काही सांगायचंय का?" असं मी सहज विचारलं. ती उभी राहिली. हातात चिठ्ठी नव्हती. म्हणाली, "पहिलीच्या पोरायचा हात नळाले पुरत नाही जी. ते तहानलेच राहतात." एवढंच बोलली आणि बसली. कुणी हसलं नाही.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, तेव्हा नळाखाली विटांची एक पायरी बांधलेली होती.

तुमची,
बाई